दुसरा गिअर आधी का कुरकुरतो?

जुन्या गाडीत दुसरा गिअर टाकताना खर्रकन आवाज आला की "गिअरचे दात गेले" असं पटकन म्हटलं जातं. बहुतेक वेळा तसं झालेलं नसतं. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये गाडी पुढे नेणाऱ्या गिअरची चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. लिव्हर हलवल्यावर सरकते ती एक स्लीव्ह. ती चाकाच्या कडेला असलेल्या छोट्या दातांवर, म्हणजे डॉग टीथवर, जाऊन बसते आणि ते चाक शाफ्टला जखडते. खर्र आवाज येतो तो याच छोट्या दातांचा, आणि त्यांच्यावर ही वेळ येते शेजारची पितळी सिंक्रोनायझर रिंग झिजल्यामुळे.

रिंग म्हणजे खरं तर एक चिमुकला ब्रेक. तिची आतली बाजू निमुळती असते आणि चाकावर तसाच निमुळता पोलादी शंकू असतो. रिंग शंकूवर दाबली गेली की घर्षणाने दोघांची गती एक होते, आणि ती एक होईपर्यंत रिंगच्या कडेचे दात स्लीव्हला अडवून धरतात. हा निमुळतेपणा साधारण ६ ते ७ अंशांचा असतो. एवढ्या अरुंद पाचरीमुळे लिव्हरकडून आलेला जोर घासणाऱ्या पृष्ठभागावर जवळजवळ नऊपट होऊन पडतो. मग याहून अरुंद का नाही? घर्षणगुणांक ०.१ धरला, तर ५.७ अंशांच्या खाली रिंग शंकूवर रुतून बसेल आणि सहजी सुटणार नाही. हाताच्या हलक्या धक्क्याने गिअर पडतो, यामागे हा एवढा नेमका हिशेब आहे.

झीज दुसऱ्या गिअरलाच आधी का गाठते, हेही आकड्यांतून दिसतं. पहिल्या तीन गिअरची गुणोत्तरं ३.५, २ आणि १.४ आहेत असं धरू. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना पहिल्यातून दुसरा टाकला, तर इंजिनकडून फिरणाऱ्या इनपुट शाफ्टची गती सुमारे १,३०० फेऱ्यांनी उतरवावी लागते. दुसऱ्यातून तिसरा टाकताना ९०० फेऱ्यांनी. रिंगमध्ये निर्माण होणारी उष्णता फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुसऱ्याच्या रिंगला दुपटीहून थोडं जास्तच सोसावं लागतं. तिसऱ्यातून दुसऱ्यावर येताना तर शाफ्टची गती वाढवायची असते, आणि तिथे ऑइलचा अवरोधही आड येतो.

रिंगच्या आतल्या बाजूला आट्यांसारखे बारीक कंगोरे असतात. त्यांचं काम ऑइलचा थर कापून धातूला धातूपर्यंत पोहोचू देणं. कंगोरे सपाट झाले की रिंग ऑइलवर नुसती घसरते. म्हणून थंड सकाळी, ऑइल घट्ट असताना, तक्रार जास्त जाणवते आणि गाडी तापल्यावर कमी होते.

पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच तपासाच. पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नसेल, तर त्या छोट्या रिंगला शाफ्टबरोबर इंजिनचीही गती आवरावी लागते. असा क्लच नव्या रिंगाही लवकर संपवतो.

बाकीच्या झिजेचा अंदाज आवाज कधी येतो यावरून बांधता येतो. न्यूट्रलमध्ये, पेडल सोडलेलं असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या किंवा त्याला समांतर फिरणाऱ्या काउंटरशाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. उलट पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचचं रिलीज बेअरिंग बघावं. अॅक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप सुटत असेल, तर डॉग टीथच्या कडा गोल झालेल्या असू शकतात, किंवा स्लीव्ह सरकवणारा काटा, म्हणजे फोर्क, झिजलेला असतो. चाकांचे दात तिरके असल्याने त्यांच्यावर बाजूचा रेटा येतो, आणि अॅक्सिलरेटर सोडल्यावर त्याची दिशा उलटते. सुटण्याची वेळ तीच. लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवण्याची सवय फोर्कला विनाकारण घासत ठेवते.

ऑइल काढल्यावर ते उजेडात नीट पाहावं. चुंबकी ड्रेन प्लगवर राखाडी लगदा असणं स्वाभाविक आहे. पोलादी कपचे मात्र बेअरिंगचे किंवा दातांचे असतात. पितळ चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे रिंगांची झीज ऑइलमध्येच सोनेरी चमक होऊन दिसते. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सला फिल्टर नसतो. एका बेअरिंगचा कठीण कपचा सगळीकडे फिरून बाकीची बेअरिंगंही खातो. म्हणून घरघरणारी गाडी "चालतेय तोवर चालवू" असं मला मुळीच पटत नाही. कुरकुरणारी रिंग काही काळ सांभाळता येते, बेअरिंग नाही.

सांभाळायची कशी, तर दोनदा क्लच मारून. खालच्या गिअरवर येताना क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला हलका झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. शाफ्टची गती आधीच जुळल्याने रिंगला फारसं काम उरत नाही. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश, म्हणजे गती जुळवणारी ही व्यवस्था, आणण्यापूर्वी चालकांना हे करावंच लागे. ऑइलही उत्पादकाने सांगितलेलंच घालावं. गिअर ऑइलच्या श्रेणींपैकी जीएल-४ सांगितलेलं असताना जीएल-५ घातलं, तर त्यातली जास्तीची गंधकयुक्त रसायनं उष्णतेत पितळाला त्रास देऊ शकतात, आणि रिंगची पकडही कमी होऊ शकते. झिजलेला धातू भरून काढेल असं कोणतंही औषध ऑइलमध्ये घालता येत नाही.

शेवटी गिअरबॉक्स उघडलाच, तर रिंग शंकूवर दाबून रिंगचे दात आणि चाकाचे डॉग टीथ यांच्यामधली फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावी. रिंग झिजते तशी ती शंकूवर आणखी आत जाते आणि फट कमी होते. नवीन असताना ती बऱ्याच गाड्यांत १ मिलिमीटरच्या आसपास असते; खालची मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. शंकू निळसर किंवा आरशासारखा गुळगुळीत झाला असेल, तर त्यावर नवी रिंग बसवणं व्यर्थ आहे. चाकही बदलावं लागतं. हब (ज्यावर स्लीव्ह सरकते तो शाफ्टवरचा भाग) आणि स्लीव्ह सुटे करण्याआधी त्यांच्यावर खुणा कराव्यात, कारण वर्षानुवर्षं ते एकमेकांशी घासून जुळलेले असतात. बेअरिंग आणि ऑइल सील त्याच वेळी नवे घालावेत. जोडताना नव्या रिंगा ऑइलमध्ये भिजवूनच बसवाव्यात.