मनोविकार, गुन्ह्याची जबाबदारी आणि फाशी

भारतीय फौजदारी कायद्यात आरोपीच्या मनोविकाराचा विचार वेगवेगळ्या टप्प्यांवर होतो आणि दर टप्प्याची कसोटी निराळी असते. कृत्य करताना मन थाऱ्यावर नव्हते असे ठरले, तर ते कृत्य अपराधच ठरत नाही. शिक्षा झाल्यावर मन ढासळले, तर अपराध कायम राहतो, फाशी मात्र टळू शकते. ‘वेडाचे सोंग घेतले की सुटला’ हा लोकप्रिय समज या दोहोंची गल्लत करतो.

पहिल्या कसोटीचे मूळ इंग्लंडात आहे. 1843 मध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान रॉबर्ट पील समजून त्यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. तो मनोविकाराच्या आधारे निर्दोष ठरला आणि गदारोळ उडाला. त्यानंतर न्यायाधीशांनी सांगितलेल्या नियमांची छाप 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 84 वर पडली. 1 जुलै 2024 पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये आहे. आपण काय करतो आहोत, किंवा ते वाईट अथवा बेकायदा आहे, हे मनोविकलतेमुळे त्या घटकेला कळतच नव्हते, एवढे दाखवावे लागते. नुसती डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही.

ते कसे दाखवायचे, हे महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात दिसते. 1994 मध्ये त्याने कपडे धूत असलेल्या पत्नीच्या डोक्यात वाटणाचा दगड घालून तिचा जीव घेतला. दिवसाढवळ्या घडलेला प्रकार. पळण्याची वा लपण्याची धडपड नाही, पटण्याजोगा हेतूही नाही. वडिलांनाही मानसिक आजार होता. त्याच्यावर आधीपासून स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू होते आणि अटकेनंतरच्या काही महिन्यांत त्याला 25 वेळा दवाखान्यात न्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये त्याला निर्दोष सोडले. घटनेच्या क्षणी मनात काय चालले होते हे कोणी पाहिलेले नसते. आगेमागे घडलेल्या गोष्टींवरूनच ते ताडावे लागते.

फाशीच्या कैद्यांबाबत कायदा उशिरा बोलता झाला. 21 जानेवारी 2014 रोजी शत्रुघ्न चौहान प्रकरणात 15 जणांची फाशी जन्मठेपेत बदलताना सर्वोच्च न्यायालयाने, दयेच्या अर्जातील दिरंगाईबरोबर, मनोविकार हेही फाशी रद्द करण्याचे कारण मानले. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, दोन अल्पवयीन मुलींवर बलात्कार करून त्यांचा खून करणाऱ्या कैद्याची फाशी शिक्षेनंतरच्या गंभीर मनोविकारामुळे रद्द झाली. तो सुटला नाही. मरेपर्यंत तुरुंगातच राहायचे, आणि सरकारने उपचार पुरवायचे. आजाराची गोपनीयता राखण्यासाठी त्याचे नावही वगळले. निकालपत्रात तो फक्त ‘आरोपी एक्स’ आहे.

मनोज प्रकरणात 2022 मध्ये न्यायालयाने आणखी मागचा टप्पा पकडला: फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल सरकारनेच सत्र न्यायालयापुढे ठेवायचा. तोवर तो मिळणे बरेचसे वकिलाच्या तळमळीवर आणि आरोपीच्या ऐपतीवर होते.