बांहेधरी : बडोदा, त्याचे शेजारी आणि कंपनी सरकार

गुजरातीत हमीला ‘बांहेधरी’ म्हणतात. ज्याचा हात धरला त्याची जबाबदारी धरणाऱ्यावर, इतका सरळ अर्थ. अठराव्या शतकाच्या अखेरीस बडोद्यात हा शब्द बाजारापासून दरबारापर्यंत चालत होता. गायकवाडांचे काठेवाडातल्या शेजाऱ्यांशी, पुण्याशी आणि इंग्रजांशी जे संबंध राहिले, ते समजून घ्यायला याच शब्दापासून सुरुवात करावी. नुसत्या तहांच्या तारखा पाठ करून हाती काही लागत नाही. कोणत्या काळी कोण कोणाला हमी राहिला हे पाहिले, की खरी सत्ता कुठे होती ते दिसते.

पिलाजीराव गायकवाडांचा १७३२ मध्ये डाकोरला खून झाला. त्यांचे पुत्र दमाजीराव यांनी १७३४ मध्ये बडोदा घेतले, ते पुढे गायकवाडांकडेच राहिले. दमाजीरावांना १७५१ मध्ये पेशव्यांनी कैद केले आणि सुटकेची किंमत म्हणून गुजरातचा निम्मा हिस्सा मागितला. १७५३ मध्ये अहमदाबाद मराठ्यांच्या हाती आले, तेव्हा तेथेही वाटणी झाली. काठेवाडची खंडणीसुद्धा अशीच वाटली गेली. म्हणजे बडोदा एका बाजूला पुण्याचे देणेकरी होते आणि दुसऱ्या बाजूला नवानगर, मोरबी, भावनगरसारख्या संस्थानांचे घेणेकरी.

ही खंडणी टपालाने येत नसे. ती आणायला फौज जायची, तिचे नाव मुलूखगिरी. पाऊस संपला, ओढे उतरले आणि शेतात ज्वारी-बाजरी उभी राहिली, की फौज बडोद्याहून निघे. वेळ मुद्दाम साधलेली असे. घोड्यांना चारा मिळतो आणि उभे पीक हेच सर्वांत मोठे तारण ठरते. ठाकूर गढीचे दरवाजे लावून बसला, तर वेढ्याला लागणारा दारूगोळा आणि दिवस परवडत नसत. त्यापेक्षा त्याच्या शिवारात तळ ठोकणे स्वस्त पडे. मग आकड्यावर घासाघीस चाले. नेमलेल्या रकमेखेरीज घासदाणा, म्हणजे घोड्यांच्या दाणावैरणीची रक्कम, आणि खर्चाची बाब वेगळी मागितली जाई. म्हणून आकडा वर्षावर्षाला बदलायचा. फौज मोठी असली तर वाढायचा, बडोद्यात गडबड असली तर घटायचा. ठाकुरांनाही हे ठाऊक असल्याने ते शक्य तितके ताणून धरत. या ओढाताणीत नुकसान व्हायचे ते कुणब्याचे, कारण दोन्ही बाजूंची सौदेबाजी त्याच्याच पिकावर चाललेली असे.

शेवटी आकडा ठरला, की जामीन लागे. राजाने राजाला लिहून दिलेल्या कागदावर या मुलखात कोणी विसंबत नसे. भाट किंवा चारण मध्ये उभा राही. त्याची ताकद तलवारीत नव्हती. शब्द मोडला गेला तर तो स्वतःच्या अंगावर जखम करून घेई, प्रसंगी जीव देई, आणि त्याच्या रक्ताचे पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी बसे. याला त्रागा म्हणत. आज आपण घरात कोणी आदळआपट केली तरी त्रागा म्हणतो. त्या काळी संस्थानांमधले करार या त्राग्याच्या धाकावर टिकत.

बडोदा शहरात ही हमीची जागा अरब शिबंदीने, म्हणजे पगारी अरब शिपायांनी, घेतली होती. महाराज गोविंदराव गायकवाड सप्टेंबर १८०० मध्ये वारले. आनंदराव गादीवर आले, पण कारभार पेलण्याची त्यांची प्रकृती नव्हती. सावत्र भाऊ कान्होजीने सत्ता बळकावली, कडीचे जहागीरदार मल्हारराव चाल करून आले. दिवाण रावजी आपाजींना फौज हवी होती, आणि फौज म्हणजे अरब. त्यांचा पगार वर्षानुवर्षे थकलेला. पगाराच्या जोरावर किल्ला आणि दरवाजे त्यांच्या ताब्यात, आणि दरबाराने कोणाला अभय दिले तर ते खरे मानायला अरब जमादाराची बांहेधरी लागे. राजाच्या शब्दाला त्याच्याच नोकराने हमी राहायचे, इतकी वेळ आली होती.

रावजींनी मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्याकडे मदत मागितली. १८०२ मध्ये मेजर अलेक्झांडर वॉकर फौज घेऊन आले, कडीचा बंदोबस्त झाला आणि जूनमध्ये खंबायतचा तह झाला. डिसेंबरात अरबांना वेढा घालून बडोद्यातून काढण्यात आले. पण त्यांचा थकलेला पगार चुकवायचा कुठून? हरि भक्ती, सामळ बेचर यांसारख्या पेढ्यांनी पैसा उभा केला. त्यांनी तो गायकवाडांच्या नव्हे, तर कंपनीच्या शब्दावर दिला. अरबांनी पूर्वी ज्यांना बांहेधरी दिली होती, त्यांतल्या अनेकांची हमीही कंपनीने आपल्याकडे घेतली.

आमच्या मते बडोद्याच्या इतिहासातली सर्वांत महागडी सही हीच. तैनाती फौजेची किंमत निदान मोजता येत होती. १८०५ च्या तहात ३,००० पायदळ आणि तोफखान्याच्या खर्चासाठी धोळका, नडियाद वगैरे मिळून वर्षाला ११ लाख ७० हजारांचा मुलूख तोडून द्यावा लागला. परराज्याशी व्यवहार कंपनीमार्फतच करायचा असेही ठरले. हमीची किंमत मात्र कोणत्याच कागदावर लिहिलेली नव्हती. ज्याच्याकडे कंपनीची बांहेधरी, तो सावकार असो की कारभारी, महाराजांविरुद्ध थेट रेसिडेंटकडे, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीकडे, जाऊ शके. बडोद्याच्या रयतेतला एक वर्ग अशा रीतीने बडोद्याच्या न्यायाबाहेर गेला.

वॉकरने हेच तंत्र काठेवाडात नेले. १८०७ मध्ये गायकवाडी आणि कंपनीची फौज एकत्र गेली आणि मोरबीजवळ घुंटू येथे तळ पडला. प्रत्येक संस्थानाचा खंडणीचा आकडा कायमचा ठरवण्यात आला. वर्तन नीट ठेवण्याबद्दल ठाकुरांकडून जामीन लिहून घेतले गेले आणि या साऱ्याला कंपनी हमी राहिली. पिके वाचली, यात शंका नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही व्यवस्था मुलूखगिरीपेक्षा कितीतरी बरी होती. पण त्या दिवसापासून ठाकुरांची नजर बडोद्याऐवजी हमीदाराकडे वळली. ज्याच्या शब्दावर आकडा वाढत नाही, तो खरा धनी.

हमी कुठे तोकडी पडते, ते १८१५ मध्ये दिसले. पेशव्यांच्या हिश्श्याच्या अहमदाबादचा वसुलीचा इजारा (मक्ता) बडोद्याकडे होता, त्याची मुदत संपत आलेली, पुण्याशी जुन्या हिशेबांचा वाद पेटलेला. तो मिटवायला गंगाधरशास्त्री पटवर्धन बडोद्याचे वकील म्हणून पुण्याला गेले, तेही कंपनीने सुरक्षिततेची हमी घेतल्यावर. २० जुलै १८१५ च्या रात्री पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळातून परतताना त्यांचा खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर होता. हमी असलेला वकील मारला गेला ही कंपनीच्या अब्रूची बाब झाली, आणि तिने त्या अब्रूची पुरेपूर वसुली केली. जून १८१७ च्या पुणे करारात पेशव्यांना गायकवाडांवरचे जुने दावे वर्षाला ४ लाखांवर तोडून घ्यावे लागले. वर्षभरात पेशवाईच गेली आणि काठेवाडच्या खंडणीतला पेशव्यांचा हिस्सा कंपनीकडे आला. शास्त्र्यांच्या मरणाने बडोद्याचे पुण्याशी असलेले देणे मिटले, पण पुण्याच्या जागी कंपनी शेजारी येऊन बसली.

मग १८२० उजाडले. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन बडोद्यात आले. दुसरे सयाजीराव नुकतेच गादीवर बसले होते. ३ एप्रिलच्या करारात ठरले, की गायकवाडांनी कंपनीच्या संमतीवाचून काठेवाड आणि महीकांठा (उत्तर गुजरातेतला लहान संस्थानांचा मुलूख) येथे फौज पाठवू नये. खंडणी कंपनी वसूल करील आणि खर्च न कापता बडोद्याला पोहोचवील. हिशेबाने पाहिले तर सौदा फायद्याचा, कारण पैसा तेवढाच आणि फौजेचा खर्च नाही. पण ज्या दारात दरसाल आपली फौज उभी राहायची त्या दारात आता इंग्रजांचा पोलिटिकल एजंट उभा राहिला. शेजाऱ्याशी संबंध उरला तो फक्त पावतीचा.

अंतर्गत कारभारात महाराज मोकळे, असे एल्फिन्स्टननी सांगितले, पण हमीच्या कर्जाचे हप्ते पाळण्याच्या अटीवर. कर्ज एक कोटीवर होते. त्यामुळे मोकळीक त्या कर्जाच्या दाव्याला बांधलेली राहिली. हप्ते थकले तेव्हा १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी महाल (परगणे) जप्त केले, पुढे पेटलादवरही जप्ती आली. हमीदार जप्तीला येतो, हा सावकारी व्यवहारातला साधा नियम इथे एका राज्याला लागू झाला.

रेसिडेंटचा शब्द एवढा मोलाचा झाल्यावर तो विकत घेण्याचे प्रयत्न होणारच. बडोद्याचे पैसे मुंबईपर्यंत वजन टाकतात, अशी बोलवा होती. रेसिडेंट जेम्स औट्रम यांनी १८५१ मध्ये त्यावर अहवाल दिला. त्या व्यवहाराला इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून आपला ‘खटपट’ हाच शब्द त्यांच्या दप्तरात गेला. अहवालाने मुंबई सरकार दुखावले आणि औट्रमनाच बडोदे सोडावे लागले.

पुढचे महाराज मल्हारराव (कडीचे नव्हेत) यांचे प्रकरण सर्वज्ञात आहे. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला आणि १८७५ मध्ये सहा जणांचे कमिशन बसले. त्यात ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव होते. तीन इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला, या तिघांनी मानला नाही. तरीही एप्रिलमध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले, कारण दिले ते गैरकारभाराचे. बडोद्याचा संबंध मुंबईकडून काढून थेट हिंदुस्थान सरकारशी जोडला गेला. २७ मे रोजी महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याचे गोपाळराव दत्तक घेतले, तेच तिसरे सयाजीराव.

पुढे १९४३ मध्ये दिल्लीने छोटी संस्थाने मोठ्यांना जोडण्याची योजना आणली आणि गुजरात-काठेवाडातली काही लहान संस्थाने बडोद्याला जोडली गेली. मुलूखगिरी थांबल्याला १२३ वर्षे झाली होती. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले.