चहाला दुसरा वास: बाराशे वर्षांचा एक वाद

सुगंधी चहा पाहून नाक मुरडणारे लोक आजचे नाहीत. आठव्या शतकात, चीनमध्ये थांग राजवट असताना, लू यू नावाच्या गृहस्थानं 'चा जिंग' हा चहावरचा ग्रंथ लिहिला. या विषयावरचा तो सर्वांत जुना ग्रंथ मानला जातो. त्यात एका ठिकाणी हा माणूस चांगलाच वैतागलेला दिसतो. लोक चहात कांद्याची पात, आलं, बोरं, संत्र्याची साल, पुदिना असं काय वाट्टेल ते टाकून उकळत बसतात, आणि असा चहा म्हणजे नाल्यात ओतून द्यायचं पाणी, असं त्याचं मत. मीठ मात्र त्याला चालायचं. चिमूटभर मीठ त्याच्या स्वतःच्या कृतीतही आहे. आपल्या आलं-घातल्या चहाबद्दल तो काय म्हणाला असता, याचा अंदाज बांधायला फार कष्ट पडत नाहीत.

फ्लेवर्ड चहाच्या कुठल्याही परीक्षणात आजही हाच प्रश्न दडलेला असतो: पानाला बाहेरून दिलेला वास हा गुण धरायचा की दोष? जगात चहा चाखण्याच्या ज्या पद्धती तयार झाल्या, त्यांनी या प्रश्नाची दोन अगदी वेगळी उत्तरं दिली.

लू यू नंतर सुमारे तीनशे वर्षांनी, सुंग काळात, त्साय श्यांग हा अधिकारी फुजियान प्रांतात दरबारी चहाचं काम पाहत होता. त्यानं लिहून ठेवलंय की राजाकडे पाठवायच्या चहाच्या वड्यांत वास वाढावा म्हणून किंचित कापूर मिसळतात. हा कापूर म्हणजे आपण ज्याला भीमसेनी म्हणतो तो. पण त्याच प्रांतातल्या जिएन-आनचे स्थानिक लोक चहाची परीक्षा करतात तेव्हा त्यात कसलाही सुगंध घालत नाहीत, कारण चहाचा खरा वास त्यात मारला जाईल अशी त्यांना धास्ती. म्हणजे राजाच्या पेल्यात कापूर, आणि ज्यांना चहा कळत होता त्यांच्या पेल्यात फक्त चहा. त्या काळी चहाच्या चुरशीच्या स्पर्धा लागत, आणि स्पर्धेत लपवाछपवी चालत नाही.

याच चीननं पुढे सुगंधी चहाची इतकी बारीक कला उभी केली की हरकत घेणारेही गप्प बसावेत. फुझौ शहराचा जास्मिन चहा. हे फूल म्हणजे आपला मोगराच. ते चीनचं मूळचं नव्हे, दक्षिण आशियाकडून तिकडे गेलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फुझौमध्ये या चहाचा मोठा व्यापार उभा राहिला आणि बीजिंगपर्यंत माल जाऊ लागला. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं फुझौची मोगरा-चहाची ही शेतीपद्धत जागतिक कृषी वारशात नोंदवली.

मोगऱ्याची कळी दुपारी खुडतात, टपोरी झालेली पण अजून मिटलेली. गजरा माळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे की ही कळी संध्याकाळनंतर उमलते आणि वास तेव्हाच सुटतो, आधी नाही. कारखान्यात कळ्यांचे ढीग करतात, ऊब चढली की पसरतात, पुन्हा ढीग करतात, आणि बहुतेक कळ्या उमलायला लागल्या की त्या सुक्या ग्रीन टीमध्ये मिसळतात. वाळलेलं चहाचं पान आजूबाजूचा वास आणि ओल अधाशासारखी ओढून घेतं. घरात चहाचा डबा हिंग-मसाल्याच्या फळीवर ठेवत नाहीत तो याचमुळे, आणि इथे तोच अवगुण कामाला लावलेला आहे. रात्री ढीग आतून तापतो, तेव्हा तो फोडून हवा देतात, नाहीतर फुलं शिजतात. सकाळी मलूल फुलं चाळून काढतात, चहा पुन्हा वाळवतात, आणि पुढच्या खेपेला ताज्या कळ्या. उंची चहावर अशा सहा-सात, कधी त्याहून जास्त खेपा होतात. शेवटच्या खेपेला थोडीच ताजी फुलं वापरतात आणि त्यानंतर वाळवत नाहीत, म्हणजे वरचा ताजा दरवळ टिकतो.

कधी कधी मोगऱ्याच्या आधी सोनचाफ्याच्या कुळातल्या पांढऱ्या फुलाचा हलका हात देतात, पाया म्हणून. पण तो पायाच राहायला हवा. पेल्यात चाफा वेगळा ओळखू आला तर चिनी पारखी त्याला चक्क दोष म्हणतात, आणि त्या दोषाला त्यांच्या धंद्यात स्वतंत्र नाव आहे.

सुगंधी चहा कसा चाखायचा, याचं तंत्रही चिनी लोकांनी वेगळं बसवलं. त्यांच्या राष्ट्रीय मानकानुसार आधी नमुन्यातले फुलांचे सगळे तुकडे वेचून बाहेर काढायचे. मग ३ ग्रॅम चहा, १५० मिलिलिटर उकळतं पाणी, पहिल्यांदा ३ मिनिटं. त्याच पानावर दुसरं पाणी, ५ मिनिटं. पहिल्या पेल्यात वास ताजा आणि निर्भेळ आहे का ते बघायचं, दुसऱ्यात तो किती खोल मुरलाय ते. साध्या ग्रीन टीला शंभरात वासाचे २५ गुण असतात, फुलांच्या चहाला ३५. चवीचे मात्र दोघांनाही ३०च. वासाला जादा गुण दिले, पण ते चवीतून कापलेले नाहीत. पान खराब असेल तर मोगरा त्याला वाचवत नाही.

युरोपात हा प्रवास अगदी उलट्या दिशेनं झाला, कारण तिथे दुसरा वास म्हणजे आधी भेसळीचा संशय. संशयाला जागाही भरपूर होती. १७८५ साली लंडनच्या रिचर्ड ट्वायनिंगनं एका पुस्तिकेत बनावट चहाची कृती दिली आहे: अ‍ॅश झाडाची पानं वाळवायची, भाजायची, पायाखाली तुडवायची, आणि हिराकस व मेंढीच्या लेंड्यांच्या पाण्यात भिजवायची. १८४०च्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ चीनमध्ये हिंडत होता. निर्यातीच्या ग्रीन टीला कामगार जिप्सम आणि प्रशियन ब्लू हा निळा रंग चोळताना त्यानं पाहिले. त्यानं आणलेले रंगाचे नमुने १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोकांसमोर आले. कॅंटन या चिनी बंदरात चहाला फुलांचा वास कसा देतात, हेही याच फॉर्च्यूननं टिपून ठेवलंय. पण इंग्लंडात त्याच्या निळ्या रंगानंच खळबळ उडवली.

बर्गमॉट त्याआधीच चहात शिरलं होतं. संत्र्या-लिंबाच्या कुळातलं हे फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रियात होतं, आणि त्याच्या सालीचं तेल अत्तरवाल्यांच्या कामाचं. १८२०च्या दशकातल्या इंग्लिश नोंदींत बर्गमॉट दिसतं ते हलक्या चहाला भारीचा वास आणण्याची युक्ती म्हणून. १८३७ साली एका व्यापारी पेढीवर तर खटला झाला, चहाला बर्गमॉटचा कृत्रिम वास दिला म्हणून. आणि १८८०च्या दशकात लंडनची दुकानं 'अर्ल ग्रे मिक्श्चर'च्या जाहिराती करू लागली. पन्नास वर्षांपूर्वी ज्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, त्याच्या जोडीला आता अर्ल ग्रे या माजी ब्रिटिश पंतप्रधानाचं नाव होतं. अर्ल ग्रेनं कुणा मंडारिनच्या, म्हणजे चिनी दरबारी अधिकाऱ्याच्या, मुलाचा जीव वाचवला आणि बदल्यात ही कृती मिळाली, ही गोष्ट डब्यांवर अजून छापतात. ग्रे कधी चीनला गेला नव्हता आणि बर्गमॉटचा चहा ही चिनी रीत नव्हे. दुकानदारांनी गोष्ट मात्र झकास रचली.

टी-टेस्टरचा पेशा याच संशयाच्या वातावरणात वाढला. ईस्ट इंडिया कंपनीनं कॅंटनमध्ये स्वतःचे चहा-निरीक्षक नेमले होते. त्यांतला सॅम्युअल बॉल पुढे चिनी चहावरचा जाडजूड ग्रंथ लिहून गेला. १८६१च्या डिसेंबरात कलकत्त्यात चहाचा लिलाव सुरू झाला आणि चाखण्याचं टेबल हिंदुस्थानी व्यापाराचा भाग झालं. अमेरिकेनं १८९७ साली कायदाच केला आणि आयात चहा चाखायला सरकारी तज्ज्ञांचं मंडळ बसवलं. ते १९९६पर्यंत सरकारी खर्चानं भुरके मारत होतं.

टेबलावरची रीत आजही फारशी बदललेली नाही. पांढऱ्या चिनी मातीच्या झाकणाच्या भांड्यांची रांग, समोर तितकेच पेले. चहा मुरला की भांडं पेल्यावर आडवं टाकायचं, चोथा झाकणावर उलटा काढायचा, म्हणजे सुकं पान, भिजलं पान आणि पाणी तिन्ही शेजारी दिसतात. मग चमचाभर घेऊन मोठ्यांदा भुरका. जेवणाच्या पानावर ज्यासाठी आपण लहानपणी बोलणी खाल्ली, तोच हा आवाज. हवेबरोबर वास घशामागून नाकात जावा म्हणून. मग पिकदाणीत थुंकायचं आणि पुढचा पेला. १९८०च्या आयएसओ ३१०३ या मानकानं हे सगळं कागदावर आणलं: १०० मिलिलिटरला २ ग्रॅम, ६ मिनिटं, आणि दूध घालायचंच असेल तर एरवीची रीत वेगळी नसल्यास ते पेल्यात आधी. या मानकाच्या ब्रिटिश मूळ दस्तऐवजाला १९९९ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं बक्षीस, मिळालं. हसण्यासारखं आहे खरं, पण दोन शहरांतल्या दोन माणसांना एकाच चहाबद्दल बोलायचं तर भांडं आणि वेळ एक असायलाच हवी.

या टेबलावर 'ब्रिस्क' म्हणजे तरतरीत, 'माल्टी' म्हणजे माल्टच्या चवीचा, हे कौतुकाचे शब्द. आणि 'टेंटेड' म्हणजे बाहेरचा वास लागलेला चहा. खोक्याच्या लाकडाचा असो, साबणाचा असो, संत्र्याचा असो, टेस्टरच्या लेखी तो बाद. फ्लेवर्ड चहाचं परीक्षण इंग्रजी वळणानं लिहिणाऱ्याची अडचण इथेच आहे. त्याला वारशात मिळालेली भाषा बाहेरचा वास पकडण्यासाठी घडली, त्याची प्रत सांगण्यासाठी नाही. त्यामुळे 'छान', 'फ्रूटी', 'रिफ्रेशिंग' एवढ्यावर गाडी थांबते.

हिंदुस्थानात तिसरंच घडलं. १९०३च्या कायद्यानं निर्यात चहावर सेस बसला, त्या पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. प्रचारकांना हवा होता किटलीत मुरवलेला, पानाच्या चवीचा चहा. रस्त्यावरचे चहावाले मात्र पावडर कमी, दूध-साखर जास्त आणि वर आलं-वेलची असा हिशेब जमवू लागले. पावडरीचा खप घटतो म्हणून प्रचारकांना ते खुपायचं. मग पान चिरडून, फाडून त्याचे दाणे वळणारं सीटीसी यंत्र आलं, १९३०च्या आसपास आसामात तयार झालेलं. त्याची कडक दाणेदार पावडर स्वस्तात भरपूर रंग देते आणि दुधात, आल्यात दबत नाही. मसाला चहाला हवं असलेलं अंग त्याला त्या यंत्रानं दिलं.

पुण्याचं अमृततुल्य हे त्याच वळणावरचं. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू केलेली ही दुकानं. पितळी पातेलं, दूध आणि चहा एकत्र उकळलेला, खलबत्त्यात कुटलेली वेलची, आलं, आणि फडक्यातून गाळणं. अलीकडे पुण्यातच निघालेला तंदूरी चहाही जमेस धरा: तंदुरात लाल केलेल्या कुल्हडात चहा ओतायचा आणि तो फसफसून वर आला की धुराचा वास घेऊन प्यायचा. ही नवलाई म्हणून खपते, पण फुजियानच्या तुंगमू गावी पाइनच्या धुरावर वाळवलेला लाप्सांग सूशाँग हा चहा शेकडो वर्षांपासून आहे. फरक एवढाच, की तिथे धूर पानात मुरतो, इथे वरून लागतो आणि चार घोटांत ओसरतो.

मसाला चहाला कोणी गुणांचा तक्ता केला तर मी पहिला प्रश्न हाच ठेवीन: आलं-वेलची काढून टाकली तर खाली काही उरतं का? आयत्या चहा मसाल्यात सुंठ आणि लवंग बेसुमार असली की बहुधा खालची पावडर फिकी असते.

आजच्या पाकिटांतला बहुतांश फ्लेवर्ड चहा ढीग आणि फुलं या वाटेनं येत नाही. मोठ्या ड्रममध्ये पान फिरतं आणि त्यावर अर्क फवारतात. १९४५ साली न्यूयॉर्कच्या रूथ बिगेलोनं संत्र्याची साल आणि मसाले घातलेला चहा 'कॉन्स्टंट कॉमेंट' या नावानं विकायला काढला, तिथपासून अमेरिकी बाजार या चहांना सरावला. पुढे पॅरिसच्या दुकानांनी फळाफुलांची यादी आणखी लांबवली. फवारा वाईटच असं नाही. बर्गमॉटच्या तेलातलं लिनालूल हे द्रव्य चहाच्या पानातही मुळातच असतं, म्हणूनच चांगला अर्ल ग्रे जोडलेला वाटत नाही.

खरी कसोटी लागते ती मिल्क ऊलाँगला. ऊलाँग म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला चहा. तैवाननं १९८१ साली जिन श्वान ही जात लागवडीला दिली, तिच्या पानाला जात्याच किंचित दुधाळ, लोण्याचा वास येतो. नाव गाजल्यावर साध्या ऊलाँगला दुधाचा फ्लेवर फवारून तेच नाव लावलेला माल बाजारात आला. तो पाकीट उघडताच पेढ्याच्या दुकानासारखा घमघमतो. अशा वेळी चिनी टेबलाची दोन पाण्यांची रीत उसनी घ्यावी. पहिलं पाणी प्यावं, त्याच पानावर दुसरं ओतावं, आणि पेला कोमट होऊ द्यावा. फवारलेला वास बहुतेक पहिल्याच पाण्यात उतरून जातो. दुसऱ्या पेल्यात जे लागतं, ते लिहावं. आणि पाकिटाची मागची बाजू वाचावी: २०११च्या भारतीय नियमांनी अशा मालावर 'फ्लेवर्ड टी' हे शब्द, फ्लेवरचं नाव आणि त्याचं प्रमाण छापायला सांगितलं, शिवाय उत्पादकाला चहा मंडळाकडे नोंदणी करायला लावली.