घातक कचऱ्याचे प्राधिकारपत्र: कोणाला लागते आणि अर्ज कसा करावा

प्राधिकारपत्राचा, म्हणजे घातक कचरा हाताळण्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीचा, अर्ज भरण्याआधी उद्योजकाने आपला टाकाऊ पदार्थ कायद्याच्या दृष्टीने घातक आहे का, हे निश्चित करावे. ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या घातक व इतर कचरा नियमांत त्यासाठी दोन कसोट्या आहेत. अनुसूची १ मध्ये उत्पादन प्रक्रियांनुसार कचऱ्याची यादी असून तीत प्लेटिंगचा (धातूवर मुलामा देण्याच्या कामातला) गाळ, वापरलेले तेल आणि घातक रसायनांची रिकामी पिंपे यांचा समावेश होतो. अनुसूची २ मध्ये घटकांच्या मर्यादा व गुणधर्म दिले आहेत: प्रज्वलनांक (ज्या तापमानाला द्रवाची वाफ पेट घेऊ शकते ते) ६० अंश सेल्सिअसपेक्षा कमी असलेला द्रव ज्वलनशील ठरतो, तर सामू २ किंवा त्याहून कमी अथवा १२.५ किंवा त्याहून अधिक असलेला द्रव क्षरणकारी ठरतो. विषारी धातूंसाठी कचरा सौम्य आम्लाच्या द्रावणात सुमारे १८ तास घुसळून निचऱ्याची तपासणी करतात, कारण उघड्यावर टाकलेल्या गाळातून भूजलात किती धातू झिरपेल याचा अंदाज त्यावरूनच येतो. या निचऱ्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम, कॅडमियमची १ आणि पाऱ्याची ०.२ आहे. यादीतला कचरा घातक नाही, असे अनुसूची २ च्या आधारे दाखवून देण्याची मुभाही नियमांत आहे.

असा कचरा निर्माण करणाऱ्या, साठवणाऱ्या किंवा त्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक भोगवटादाराला (म्हणजे कारखान्यावर किंवा जागेवर ताबा असणाऱ्याला) प्राधिकारपत्र घ्यावे लागते. कचरा थोडा असला तरी यातून सूट मिळत नाही, हे लहान युनिटांनी आवर्जून लक्षात घ्यावे. मात्र ज्यांना जल व वायू प्रदूषणविषयक कायद्यांखाली मंडळाचे संमतीपत्रच लागत नाही, अशा उद्योगांना २०१९ च्या दुरुस्तीने वगळले आहे. त्यांनी कचरा अधिकृत वापरकर्ता, संकलक किंवा विल्हेवाट केंद्राकडेच देण्याची अट कायम आहे. जैववैद्यकीय आणि किरणोत्सर्गी कचऱ्यासाठी वेगळे कायदे आहेत.

अर्ज नमुना १ मध्ये करायचा असून महाराष्ट्रात तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर, सामान्यतः संमतीपत्राच्या अर्जासोबतच भरला जातो. त्यास उद्योग स्थापनेचे आणि चालवण्याचे संमतीपत्र जोडावे. नूतनीकरण असल्यास आधीच्या अटींच्या पालनाचा स्वयंप्रमाणित अहवाल द्यावा आणि अर्ज मुदत संपण्यापूर्वी तीन महिने करावा. कचऱ्याचे वार्षिक प्रमाण कमी दाखवण्याचा मोह टाळावा, कारण पुढे प्रत्येक खेपेचे मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारे वाहतुकीचे नोंदपत्र) आणि ३० जूनपर्यंत भरायचे वार्षिक विवरणपत्र यांच्याशी हा आकडा जुळावा लागतो. परिपूर्ण अर्जावर मंडळाने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा असतो आणि मंजुरी पाच वर्षांसाठी मिळते.

कचरा आवारात ९० दिवसांपर्यंतच ठेवता येतो. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्यांना मंडळ १८० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकते. पिंपांवर नमुना ८ प्रमाणे लेबल हवे आणि परस्परांशी प्रतिक्रिया होणारे पदार्थ वेगळे ठेवायला हवेत. प्लेटिंगच्या युनिटांत ही काळजी जिवाशी निगडित आहे: सायनाइडचा गाळ आणि आम्ल एकत्र आल्यास हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निर्माण होतो, म्हणून साठवणुकीची माहिती कामगारांना त्यांच्या भाषेत समजावून द्यावी.

अर्ज नाकारला गेल्यास आदेश कळवला गेल्यापासून ३० दिवसांच्या आत नमुना १२ मध्ये अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.