स्मारकाचा दगड घडवण्याआधी: एक पान लिहून ठेवा

आमच्याकडे नाव कोरून घ्यायला येणारी मंडळी बहुतेक वेळा रक्षाविसर्जन आटोपून येतात. मग दुकानातच वाद सुरू होतो. एक म्हणतो, आबांना समाधी नकोच होती. दुसरा म्हणतो, रानात बांधा म्हणाले होते. आबांना विचारायची वेळ गेलेली असते. म्हणून आपल्या माघारी काय करायचं ते जिवंतपणीच एका पानावर लिहून ठेवा.

खर्चाची फार धास्ती नको. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते, आणि त्यासाठी होळीला लोक शेणी म्हणजे गोवऱ्याही दान करतात. ठरवायचं असतं ते बाकीचं. रक्षा पंचगंगेत सोडायची की आपल्याच रानात रोपाच्या बुडाशी घालायची? दिवसकार्य किती दिवसांचं? नेत्रदान करायचं असेल तर घरच्यांना आधीच सांगा, कारण डोळे साधारण 6 तासांच्या आत काढावे लागतात. देहदानाचा अर्ज भरला तरी ऐनवेळी फोन करणार घरचेच.

आता दगड. रानात बांधायचं असेल तर सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघा. उद्या वाटण्या झाल्या तर समाधीपर्यंत वाट राहील का, हेही आजच बोलून घ्या. नाव कागदोपत्री असलेलं घालायचं की गाव ज्या नावानं हाक मारायचं ते? तारखेसोबत तिथीही लिहा, वर्षश्राद्धाला तीच लागते. मजकूर थोडका ठेवा. खोल कोरलेलं अक्षर रंग उडाला तरी वाचता येतं. दाटीवाटीनं भरलेल्या ओळी नुसत्या रंगावर तगतात. घरातल्या दोघांनी वाचून सही केल्याशिवाय आम्ही छिन्नी लावत नाही.

राजर्षी शाहू महाराजांची इच्छा होती की आपली समाधी कोल्हापुरातल्या नर्सरी बागेत व्हावी. महाराज 1922 साली गेले, समाधिस्थळ खुलं झालं 2020 मध्ये. आपल्यासाठी इतकी वर्षं कोण पाठपुरावा करणार?

मृत्युपत्र वेगळं करा. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. त्यासाठी वकील गाठा, ते आमचं काम नव्हे. आणि हे इच्छेचं पान मात्र बँकेच्या लॉकरात ठेवू नका. लॉकर उघडेपर्यंत बारावा होऊन जातो. देव्हाऱ्याच्या खणात ठेवा, दोघांना सांगा.

कोरा नमुना दुकानात फुकट मिळतो. पुढं मन बदललं तर नवं पान भरा आणि जुनं फाडून टाका.