कांद्यावरची काळी बुरशी आणि ‘काळी बुरशी’ हा आजार

कांद्याच्या सालीवरचा काळा थर पोटात गेला की ‘काळी बुरशी’ हा आजार होतो, असा संदेश बराच काळ फिरतो आहे. नावातले साम्य पाहता ही शंका येणे स्वाभाविकच आहे.

कांद्यावरचा थर बहुधा ‘अ‍ॅस्परजिलस नायजर’ या बुरशीचा असतो. ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखला जाणारा आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, मात्र ऱ्हायझोपससारख्या वेगळ्या गटातील बुरशींमुळे होतो. या बुरशी शिळ्या पावावरही वाढतात आणि आधी पांढऱ्या कापसासारख्या दिसतात. मग आजाराला काळा रंग कुठून आला? ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तपुरवठा तोडते, आणि त्यामुळे मृत झालेली त्वचा किंवा ऊती काळी पडते. म्हणजे काळेपणा बुरशीचा नसून मेलेल्या मांसाचा असतो.

त्वचेत ती शिरते ती जखमेतून, भाजलेल्या जागेतून, क्वचित सुईच्या टोचणीतून. अनियंत्रित मधुमेह, रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड यांमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्यांना धोका अधिक असतो, आणि त्यांच्या जखमेभोवती झपाट्याने पसरणारा काळा डाग दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. खात्री डागाच्या रंगावरून होत नाही. ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर रुंद, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू दिसतात. कांद्याचा काळा थर सोलून, धुऊन टाकावा. फार सडलेला कांदा फेकावा.