पुढून येणारी ‘टक’ : कोनसेटची की शॉकअपची?

यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटारसायकल चालवणाऱ्यांना हा आवाज चांगला ओळखीचा असतो. पुढचा ब्रेक दाबला की हँडलखालून ‘टक’, खड्ड्यातून चाक गेलं की पुन्हा ‘टक’. १९८५ ते १९९६ या काळात विकली गेलेली ही गाडी. एवढ्या वर्षांनी पुढच्या भागात ढिलाई येणारच. पण आवाज ऐकला की लगेच पाना घेऊन कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो भाग, आवळायचा, ही सवय मात्र गाडीचं नुकसान करते. कारण कोनसेट ढिला असला तरी ‘टक’ वाजतं आणि शॉकअपचा, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्यांचा, पाइप आतून ढिला होऊन खेळायला लागला तरी तसंच वाजतं. दोन्ही हादरे एकाच वाटेने हँडलपर्यंत येतात, त्यामुळे नुसत्या हाताला फरक कळत नाही.

कोनसेट म्हणजे चॅसीच्या मानेत वर आणि खाली बसवलेल्या वाट्या, कोन आणि त्यांच्यामधले छर्रे. हँडल त्यांच्यावर फिरतं. खालच्या छर्र्यांवर भार जास्त, आणि पावसाळ्यात चाकाने उडवलेलं पाणी-चिखलही आधी तिथेच पोचतं. शिवाय गाडी बहुतेक वेळ सरळच चालत असल्यामुळे छर्रे ठरावीक जागीच मार खातात. ग्रीस सुकलं की त्याच जागी वाटीत बारीक खळगे पडतात.

शॉकअपचा मामला वेगळा. क्रोमचा फोर्क पाइप ॲल्युमिनियमच्या बॉटम केसमध्ये, म्हणजे खालच्या जाड नळीत, वर-खाली सरकतो. आतलं ऑइल त्याला वंगण देतं आणि स्प्रिंगची उसळी आवरतं. ऑइल वर्षानुवर्षं बदललं नाही, तर झिजलेल्या धातूचा चुरा त्यातच फिरत राहतो आणि बुश (पाइप ज्यावर घासून सरकतो ती कडी) किंवा बॉटम केसची आतली बाजू खाऊन टाकतो. मग पाइप पुढे-मागे डुगडुगतो.

तपासायला एक मदतनीस आणि दोन बोटं पुरतात. गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक जमिनीपासून उचला. सायलेन्सरच्या पाइपवर भार येऊ देऊ नका. मदतनीसाने दोन्ही बॉटम केस खालून धरून पुढे-मागे हलवायचे. तुम्ही एक बोट चॅसीची मान आणि खालचा कोन यांच्या फटीवर आडवं ठेवा. तिथे हालचाल लागली, तर दोष कोनसेटचा. तिथे काहीच जाणवलं नाही, तर बोट खाली आणा आणि पाइप बॉटम केसमध्ये जिथे शिरतो, त्या रबराच्या सीलच्या कडेवर ठेवा. तिथे पाइप हलताना लागला, तर झीज शॉकअपमध्ये आहे. दोन्हीकडे लागलं, तर कामंही दोन आहेत. इथे काहीच सापडत नाही आणि आवाज फक्त ब्रेक दाबल्यावर येतो, असं असेल तर ड्रम ब्रेकची प्लेट ज्या खाचेत अडकते ती खाच बघा.

चाक अधांतरी आहे तोवर हँडल एका बोटाने सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. अगदी मधोमध आल्यावर ते खटकन बसल्यासारखं वाटलं, तर वाटीत खळगे पडले आहेत. अशा कोनसेटला आवळून काही उपयोग नाही. वाट्या, कोन आणि छर्रे असा पूर्ण सेटच बदलावा लागतो. खळगे नसतील तर जुनं ग्रीस रॉकेलने धुवा, नीट सुकवा, नवं ग्रीस भरपूर भरा आणि कोनसेट दाबणारी खाचांची नट ढिलाई जाईपर्यंतच फिरवा. वरची मोठी नट कसली की खालची ही खाचांची नट अजून थोडी दबते, म्हणून शेवटी पुन्हा तपासा. हँडल मधून जरासं ढकललं की स्वतःच्या वजनाने दोन्ही बाजूंना पडलं पाहिजे.

शॉकअपची ‘टक’ बंद करायला कोनसेट आवळला तर नेमकं हेच बिघडतं. हँडल जड होतं, गाडी सरळ रेषेत राहत नाही, हळू चालवताना डोलते आणि चांगल्या वाट्यांमध्येही खळगे पडायला लागतात. आवाज तर जातच नाही.

शॉकअपमध्ये जाड ऑइल ओतणं हीसुद्धा तशीच पळवाट आहे. त्याने उसळी कमी होईल, पण झिजलेली जागा भरून निघणार नाही. जुनं ऑइल काढाल तेव्हा पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात धरा. राखाडी रंगात चंदेरी चकाकी दिसली, तर ती आत झिजलेल्या धातूची आहे. बदलता येणारे बुश असतील तर ते बदला; काही लहान गाड्यांच्या फोर्कमध्ये वेगळे बुशच नसतात, तिथे बॉटम केस बदलण्याला पर्याय नाही. पाइपचं क्रोम जिथे सील घासतं तिथे नख फिरवून बघा. नख अडकेल इतका गंज असेल, तर नवं सीलही लवकरच गळेल.

ऑइलसाठी शॉकअपचं वरचं झाकण उघडताना चाक जमिनीवरून उचललेलंच ठेवा आणि तोंड बाजूला घ्या, कारण खाली दाबलेली स्प्रिंग असते. दोन्ही बाजूंना ऑइल गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढंच, मोजून, सारखं भरा. चाक बसवल्यावर एक्सलची नट आधी हलकीच लावा. गाडी जमिनीवर घेऊन, पुढचा ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबा, म्हणजे शॉकअपचे दोन्ही पाय आपोआप समांतर होतील. नट कसायची ती त्यानंतर.